कॉमन ॲपवर पाच महिने

आमची मुलगी यंदा बारावीत आहे, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर, आणि ऑगस्टपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्या घरात कॉलेजच्या अर्जांखेरीज दुसरा विषय क्वचितच निघाला. अमेरिकेतील अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज पाठवता येणाऱ्या ज्या ऑनलाइन सेवेवर तिने हे महिने काढले, त्या कॉमन ॲपचे हे परीक्षण आहे. ज्यांची मुले आता अकरावीत आहेत अशा मराठी पालकांसाठी ते मुख्यतः लिहीत आहे, कारण गुणपत्रिका आणि प्रवेशयादी एवढ्यावरच आपले प्रवेश झालेले असल्यामुळे या अर्जाचा स्वभाव आपल्याला लवकर उमगत नाही. माझे मत आधीच सांगते. या अर्जाचा सामाईक भाग अतिशय विचारपूर्वक बनवलेला आहे आणि तो भरताना मुलांना स्वतःच्या चार वर्षांकडे नीट पाहावे लागते. मात्र ‘सामाईक अर्ज’ या नावावरून, एकदा भरला की काम संपले असा जो समज होतो, तो मनातून काढूनच सुरुवात करावी.

ही ना-नफा संस्था १९७५ साली १५ खासगी कॉलेजांनी एकत्र येऊन सुरू केली आणि आज एक हजाराहून अधिक कॉलेजे तिची सदस्य आहेत. नव्या वर्षाचा अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो. खाते त्यापूर्वीही उघडता येते आणि सामाईक भागात भरलेली माहिती नव्या वर्षात तशीच राहते. कॉलेजांच्या स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे मात्र राहत नाहीत, म्हणून ती आधी भरण्यात अर्थ नाही. सेवा वापरण्यास पैसे पडत नाहीत. शुल्क असते ते त्या त्या कॉलेजचे. काही कॉलेजे ते घेत नाहीत, तर अनेक नामांकित विद्यापीठांचे शुल्क प्रत्येकी ७० ते ९० डॉलरच्या घरात जाते. ज्या कुटुंबाला ते झेपणारे नाही, त्यांना शुल्कमाफीची विनंती अर्जातच करता येते, आणि ती करण्यात मुळीच संकोच बाळगू नये.

या अर्जातील सर्वांत मोलाचा भाग मला विचाराल तर तो निबंधाचा नव्हे, उपक्रमांचा आहे. तेथे जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात. आपण काय भूमिका बजावली यासाठी ५० अक्षरे, संस्थेच्या नावासाठी १०० आणि प्रत्यक्ष काय केले यासाठी १५०, आणि त्यात मोकळ्या जागा व विरामचिन्हेही मोजली जातात. माझी मुलगी तीन वर्षे रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. तिने पहिल्यांदा लिहिले ते असे, की मराठी शाळेत शिकवण्यात मदत केली आणि विविध कार्यक्रमांत सहभाग घेतला. जागा भरली, पण त्यातून ती कुठेच दिसेना. मग दोन संध्याकाळी तिने त्या एका ओळीवर घालवल्या. ‘मदत’ गेली, ‘विविध’ गेले, ‘सहभाग’ गेला. शेवटी राहिले ते एवढेच, की सहा ते आठ वर्षांच्या नऊ मुलांना अक्षरओळख करून दिली आणि इंग्रजीत नसलेला ‘ळ’ त्यांच्या जिभेवर बसावा म्हणून बाळ, फळा आणि कावळा यांची गाणी रचली. ही ओळ वाचल्यावर त्या खोलीतला फळा मला दिसला. ज्या मर्यादेबद्दल सुरुवातीला तिची तक्रार होती, त्या मर्यादेनेच हे घडवले, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन.

याच यादीत कुटुंबातील जबाबदाऱ्यांसाठी आणि पगारी कामासाठीही स्वतंत्र वर्ग आहेत आणि आपल्या घरांमध्ये नेमके हेच दुर्लक्षित राहते. मुलगी दहावीत असताना माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आम्ही दोघे कामावर असल्यामुळे शाळेतून आल्यावर त्यांचा व्यायाम करून घेणे आणि औषधे देणे हे काम काही महिने तिने केले. ते लिही म्हटल्यावर ती म्हणाली, “आई, हे काय लिहायचं? ती माझी आजी आहे.” तरीही तिने ते लिहावे असा मी आग्रह धरला. कुठलेही पारितोषिक नसलेल्या अशा कामाला अर्जात मानाची जागा ठेवली आहे, ही या सेवेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. प्रत्येक उपक्रमापुढे आठवड्याचे तास आणि वर्षातील आठवडे लिहावे लागतात; तेथे आकडा फुगवण्याचा मोह टाळावा. मराठी शाळेपुढे तिने घाईत आठवड्याला सहा तास आणि ५२ आठवडे लिहिले होते, ते नंतर शांतपणे मोजून दोन तास आणि ३० आठवडे केले.

मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. सात प्रश्न दिलेले असतात आणि सातवा स्वतःच्या आवडीचा विषय घेण्याची मुभा देतो. निबंध सर्व कॉलेजांना एकच जातो, पण एका कॉलेजला पाठवल्यानंतरही पुढच्या कॉलेजसाठी त्यात बदल करता येतो, ही सोय फार थोड्या पालकांना ठाऊक असते. निबंध वेगळ्या फाइलमध्ये लिहून मगच अर्जात उतरवावा. आणि पालकांनी तो वाचावा तो एकदाच, तोही मुलाने वाचायला दिला तर. सतरा वर्षांच्या मुलीच्या वाक्यात पन्नाशीच्या माणसाचे शब्द शिरले की ते लपत नाहीत.

आता त्या समजाबद्दल, ज्याचा मी वर उल्लेख केला. एका खात्यातून २० कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतात आणि यादीत नवे कॉलेज घालायला क्षणभरही लागत नाही. पण त्या प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे प्रश्न असतात, त्यांना सगळे सप्लिमेंट म्हणतात. ते प्रश्न कॉलेज यादीत घातल्यावर दिसू लागतात, आणि काही तर अभ्यासाची शाखा निवडल्यावरच उघडतात. आमच्या यादीत नऊ कॉलेजे होती आणि मुख्य निबंध सोडून तिला एकवीस लहानमोठी उत्तरे लिहावी लागली. त्याच काळात तिचे चार एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय, गृहपाठ आणि शाळेच्या परीक्षा चालू होत्या, कारण बारावीच्या पहिल्या सत्राचे गुणही जानेवारी-फेब्रुवारीत मिड-इयर रिपोर्टमधून कॉलेजांकडे जातात. ऑक्टोबरमध्ये रात्री साडेअकराला तिच्या खोलीतला दिवा चालू दिसला, की मी दार न वाजवता दूध बाहेर ठेवून जात असे. प्रश्न कॉलेजांचे आहेत, त्याचा दोष कॉमन ॲपला देता येणार नाही. तरीही कॉलेज यादीत घालतानाच तेथे एकूण किती लेखन आहे हे एका नजरेत समोर आले, तर मुले दहावे, बारावे कॉलेज वाढवण्यापूर्वी थांबून विचार करतील. तोवर आपणच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळे प्रश्न एका तक्त्यात शब्दमर्यादेसह उतरवून काढावेत. आम्ही ते सप्टेंबरअखेर केले आणि यादीतली तीन नावे त्याच दिवशी गळाली.

शिफारसपत्रांची व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. शिक्षकांना आमंत्रण पाठवण्यापूर्वी विद्यार्थ्याला १९७४ च्या फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याखालील एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: ही पत्रे नंतर पाहण्याचा हक्क आपण सोडतो का? आपल्यापैकी पुष्कळांना पत्रात काय लिहिले आहे ते वाचावेसे वाटते, पण हक्क सोडलेलाच बरा, कारण त्यामुळे शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि वाचणाऱ्यांचाही त्या पत्रावर अधिक विश्वास बसतो. दुसरे असे, की शिक्षकांना आमंत्रण पाठवणे आणि प्रत्येक कॉलेजसाठी त्यांची नेमणूक करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मुलीने पहिली केली आणि दोन कॉलेजांच्या बाबतीत दुसरी विसरली. अंतिम तारखेच्या दहा दिवस आधी ते तिच्याच लक्षात आले म्हणून निभावले. ज्या शाळा कागदपत्रे पाठवण्यासाठी नेव्हियान्स ही ऑनलाइन प्रणाली वापरतात तेथे ही पत्रे त्या मार्गाने जातात, तेव्हा शाळेतील मार्गदर्शक कौन्सेलरना सप्टेंबरमध्येच विचारून ठेवावे.

कॉमन ॲपमध्ये काय नाही, तेही थोडक्यात सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व कॅम्पससाठी वेगळा अर्ज आहे, त्यात आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे लिहावी लागतात. एमआयटीचा अर्जही स्वतंत्र आहे. आर्थिक मदतीचे फॅफ्सा आणि सीएसएस प्रोफाइल हे अर्ज येथे भरता येत नाहीत.

अर्ली डिसिजन म्हणजे एका कॉलेजला लवकर अर्ज करून निकालही लवकर मिळवण्याची पद्धत; तिच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि कौन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. निवड झाल्यास इतर सर्व अर्ज मागे घेऊन तेथेच जाण्याचे ते बंधन असते. आम्ही सही केली नाही, कारण दोन-तीन कॉलेजांनी देऊ केलेली मदत शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय शब्द देणे आमच्या घराला परवडणारे नव्हते. १ नोव्हेंबरची अर्ली ॲक्शन (लवकरची, पण बंधन नसलेली फेरी) आणि जानेवारीतील रेग्युलर डिसिजन (नेहमीची फेरी) यांतून तिचे सर्व अर्ज गेले.

अर्ज पाठवण्याआधी संपूर्ण मजकुराची पीडीएफ समोर येते. ती कागदावर छापून, पेन हातात घेऊन वाचावी. तासांचा आणि आठवड्यांचा तो आकडा आम्हाला तेथेच सापडला. मुदत विद्यार्थ्याच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११:५९ पर्यंत असते, पण आम्ही प्रत्येक अर्ज दोन दिवस आधी पाठवण्याचा नियम पाळला आणि तो पाळल्यामुळे त्या रात्री घरात सगळ्यांना झोप लागली. अर्ज गेल्यानंतर कॉमन ॲपचे काम संपते. निकाल तेथे येत नाही; प्रत्येक कॉलेज ईमेलने स्वतःच्या पोर्टलची माहिती पाठवते आणि कागदपत्र पोहोचले की नाही, हे तेथेच कळते. यांपैकी दोन ईमेल आमच्याकडे स्पॅममध्ये जाऊन पडले होते. मुलीने सर्व पोर्टल एका वहीत लिहून ठेवले आहेत आणि दर शुक्रवारी, शाळेतून आल्यावर, ती ते एकेक करून उघडून पाहते.