रोलँड जूनो-१०६: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

रोलँडचा जूनो-१०६ हा सिंथेसायझर (विजेच्या लहरींतून आवाज घडवणारा कीबोर्ड) बाजारात आला १९८४ साली. सहा आवाज (म्हणजे एका वेळी सहा सूर), प्रत्येक आवाजाला एकच डीसीओ (मूळ लहर काढणारा ऑसिलेटर), एक फिल्टर, एक एन्व्हलप (सूर कसा उठतो आणि विरतो ते ठरवणारा भाग), आणि सगळ्यांना मिळून एक एलएफओ (आवाजाला हेलकावे देणारी संथ लहर). एवढाच संसार. कागदावर हे वाचून बरेच जण म्हणतात की यात आहे काय? आहे ते कोरसमध्ये (आवाज रुंद आणि दाट करणारा इफेक्ट) आणि मांडणीत. पॅनलवर मेनू नाही, दडवलेली पानं नाहीत. जे ऐकू येतं त्याचा स्लायडर समोर असतो. म्हणूनच आवाज कसा घडतो हे शिकायला याच्याइतकं चांगलं जुनं यंत्र दुसरं नाही, असं माझं मत रोजच्या वापरानंतर आणखी पक्कं झालं आहे. पण ते घेताना सहा चिपांचा हिशेब आधी मांडावा लागतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी आवाज. डीसीओ म्हणजे सूर डिजिटल घड्याळावर चालतो, त्यामुळे यंत्र सुरू केल्या क्षणापासून सुरात असतं. जुन्या व्हीसीओ (व्होल्टेजवर चालणारे ऑसिलेटर) यंत्रांसारखं तापायची वाट बघावी लागत नाही. याची दुसरी बाजू युनिसनमध्ये कळते. पॉली १ आणि पॉली २ ही बटणं एकत्र दाबली की सहाही आवाज एकाच पट्टीवर चढतात, पण सगळे एकाच घड्याळाला बांधलेले असल्याने त्यांच्यात तो तरंगता विस्कळितपणा येत नाही. मिनीमूग या जुन्या सिंथेसायझरसारखा जाड लीड (मुख्य सुरावटीचा आवाज) यातून काढायच्या मागे लागू नका. जाड बेस मात्र सहज निघतो: रेंज १६ फूट, सॉ (करवतीच्या दातांसारखी लहर) चालू, सब (एक सप्तक खालचा सूर) ६ ते ७, फिल्टर फ्रीक्वेन्सी ३, रेझोनन्स (फिल्टरची धार) २, एन्व्हलपचं प्रमाण ४, अटॅक ०, डीके ४, सस्टेन २, आणि एचपीएफ (खर्ज कापणारा फिल्टर) ० वर. हा एचपीएफ चार पायऱ्यांचा आहे, आणि त्याच्या नावावरून लक्षात येत नाही की ० म्हणजे ‘बंद’ नव्हे. ० वर खर्ज वाढवला जातो, १ वर सपाट, २ आणि ३ वर कापला जातो. पॅडसाठी (मागे पसरून राहणाऱ्या लांब आवाजासाठी) २ ठेवला तर गाण्यात बेस गिटारला जागा मोकळी राहते. बहुतेक लोक हा स्लायडर हलवतच नाहीत, आणि मग मिक्समध्ये सगळं गढूळ झालं म्हणतात.

कोरस हा या यंत्राचा प्राण. आत २५६ टप्प्यांच्या दोन एमएन३००९ बकेट ब्रिगेड (आवाज किंचित उशिरा पुढे सोडणाऱ्या) चिपा आहेत, डावीकडे एक, उजवीकडे एक. त्यामुळे खरी मजा स्टिरिओत. नुसती डावी (मोनो) वायर लावली की दोन्ही बाजू एकत्र मिसळतात आणि तो रुंदपणा बराचसा मावळतो. कोरस लावल्यावर एक हिस्स (बारीक ‘स्स्स’ असा आवाज) येतो, हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतो. तो बिघाड नाही, बकेट ब्रिगेडचा स्वभाव आहे. मागचा आउटपुट लेव्हलचा स्विच एच (हाय) वर ठेवून मिक्सरचा गेन कमी केला की निदान त्यात मिक्सरच्या प्रीअॅम्पची भर पडत नाही.

एन्व्हलपबद्दल थोडी निराशा आहे. याच्या आधीच्या जूनो-६० मध्ये एन्व्हलपसाठी वेगळी हार्डवेअर चिप होती. १०६ मध्ये ते काम प्रोसेसर सॉफ्टवेअरने करतो. टणक, चटकन तुटणारे पर्कशन आवाज ६० वर जास्त चांगले वाजतात. ६० चा अर्पेजिएटरही (धरलेले सूर आपोआप एकेक करून वाजवणारा भाग) १०६ मध्ये नाही. बदल्यात मिळतं ते मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा) आणि १२८ पॅचेस (साठवून ठेवलेले आवाज). कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, पण व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली त्याची नोंद) नाही, आफ्टरटच (दाबून धरलेल्या पट्टीवरचा दाब) नाही. बाहेरून पाठवली तरी यंत्र ती पाहत नाही.

आता चिपा. प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) ८००१७ए नावाच्या एका मॉड्यूलमध्ये बसवलेला आहे, आणि त्या मॉड्यूलवर एक काळा थर ओतलेला आहे. चार दशकांत हा थर ओलावा शोषून हळूहळू वीज वाहू देऊ लागतो. आतल्या बारीक सर्किटमध्ये जिथे प्रवाह जायला नको तिथे तो झिरपतो. लक्षणं ठरलेली आहेत: एक आवाज गायब होतो, किंवा पट्टी सोडली तरी मागे सूर रेंगाळतो, किंवा कुणी काही न वाजवता चरचर येते, किंवा एका आवाजाचा फिल्टर कायम उघडा वा बंद राहतो. एक चिप गेली की बाकीच्याही त्याच वाटेवर असतात, कारण वय आणि थर दोन्ही सारखेच. म्हणून एकच बदलण्यापेक्षा सहाही एकदम करणं शहाणपणाचं. बोर्ड काढणं हेच खरं मोठं काम, ते दर काही महिन्यांनी कुणाला करायचंय?

दोन मार्ग आहेत. पहिला, नव्या बनावटीचे क्लोन: अॅनालॉग रेनेसान्सचं एआर८००१७ए किंवा बोरिश इलेक्ट्रॉनिक्सचं. महाग, पण निवांत. दुसरा, जुन्याच चिपांचा थर अॅसिटोनमध्ये काढणं. स्वस्त, पण हाताला सोल्डरिंगची सवय हवी. क्रम असा: आधी बोर्डाचे फोटो काढा, चिपांवर १ ते ६ क्रमांक टाका. सोल्डर सकर आणि विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी साधनं) वापरून पाय मोकळे करा. सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० अंशांच्या पुढे नेऊ नका आणि चिप ओढू नका, नाहीतर बोर्डाचे ट्रॅक उचलून येतात. मग काचेच्या झाकणाच्या बरणीत शुद्ध अॅसिटोनमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. प्लास्टिकचा डबा नको, बरेचसे विरघळतात. खोली हवेशीर हवी आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही नको. थर मऊ होऊन सुटला की लाकडी टूथपिकने अलगद काढा. ब्लेड किंवा पिन लावलीत तर खालचे तांदळाहून लहान कपॅसिटर थरासकट निघून येतील, आणि ती चिप गेलीच म्हणून समजा. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा. परत लावताना थेट सोल्डर न करता एकेरी रांगेचे सॉकेट बसवा, पुढच्या वेळी हाताने काढता येतील.

थर काढला म्हणजे चिप वाचलीच असं नाही. आतला भागच गेला असेल तर क्लोनला पर्याय नाही. आणि दोन्ही मार्गांत शेवटी प्रत्येक आवाजाचे ट्रिमर (बारीक जुळवणीचे स्क्रू) सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे जुळवावेच लागतात, नाहीतर सहा आवाज सहा माणसांसारखे वाजतात. दोन आवाजांत एकदमच एखादं वेव्हफॉर्म गायब झालं असेल, तर संशय ८००१७ए वर नको, एमसी५५३४ए वर घ्या. त्या तीन असतात, प्रत्येकीवर दोन आवाजांचा भार, आणि थरही तसाच. पण त्या तुलनेने कमी बिघडतात.

मुंबई, कोकण, गोव्यातल्या दमट हवेत थर न काढलेलं यंत्र ठेवणं म्हणजे धोका ओढवून घेणं. पावसाळ्यात यंत्र नियमित सुरू करा. कव्हर घालायचं तर आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. नुसतं प्लास्टिकचं कव्हर ओल आत कोंडतं.

वीजपुरवठ्याकडे आपल्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. जपानहून आलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं ११७ चं, युरोपातलं थेट आपल्या २३० वर चालणारं. मागच्या बाजूचं व्होल्टेजचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. बाजारात तयार मिळणारे स्टेप-डाउन बहुतेक ११० व्होल्टचे असतात. १०० व्होल्टचं यंत्र त्यावर चालतं, पण रेग्युलेटर जास्त तापतात आणि जुन्या कपॅसिटरवर ताण येतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात चौकशी केली तर २३० ते १०० व्होल्ट, १०० व्हीए असा ट्रान्सफॉर्मर ऑर्डरप्रमाणे गुंडाळून देणारे भेटतात. तो घ्या. यंत्र उघडलंच आहे तर मल्टीमीटरने अधिक १५, उणे १५ आणि अधिक ५ या तिन्ही रेषा मोजून घ्या. चिपांवर संशय घेण्याआधीची ही पहिली पायरी.

आठवणीसाठी आत सीआर२०३२ बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. ती संपली की १२८ पॅचेस गेले. बदलताना होल्डर बसवा. त्याआधी बॅकअप हवाच, आणि इथे एक खाच आहे: १०६ सगळी मेमरी मिडीवरून एकदम पाठवत नाही. मागचा फंक्शन स्विच ३ वर ठेवून पॅच निवडला की तेवढ्याच पॅचचा २४ बाइट्सचा सिसेक्स (यंत्राच्या स्वतःच्या भाषेतला मिडी) संदेश बाहेर पडतो. म्हणजे कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावून १२८ बटणं दाबायची. परत भरताना संदेश फक्त चालू पॅचवर येतो, तो साठवायला दर वेळी राइट दाबावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. त्यापेक्षा मागचं टेपचं (कॅसेटवर पॅचेस साठवायचं) सॉकेट वापरा: सेव्हचा आवाज फोनवर वेव्ह फाइल म्हणून रेकॉर्ड करा, एमपी३ नको, आणि लगेच व्हेरिफाय करून पाहा. लोड करताना मेमरी प्रोटेक्ट बंद, फोनचा आवाज जवळपास पूर्ण, इक्वलायझर बंद. पातळी कमी पडली तर लोड अर्ध्यात अडतं.

स्विच ३ वर असताना स्लायडर हलवला की सात बाइट्सचा संदेश बाहेर जातो आणि बाहेरूनही तसाच स्वीकारला जातो, त्यामुळे डीएडब्ल्यूमध्ये (कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये) फिल्टरची हालचाल रेकॉर्ड करून पुन्हा वाजवता येते. रोजच्या वापरात सर्वात जास्त आनंद याने दिला. अगदी स्वस्त यूएसबी-मिडी वायर मात्र सिसेक्स अर्धवट गिळतात. नोटा नीट जातात, म्हणून दोष यंत्राला दिला जातो. पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), बेंडर (सूर वाकवणारा दांडा) आणि व्हॉल्यूम यांच्या जागा पॅचमध्ये साठत नाहीत, त्या वहीत लिहून ठेवा.

फक्त हा आवाज हवा असेल आणि सोल्डरिंग आयर्न धरायची तयारी नसेल, तर टीएएल-यू-नो-एलएक्स हे प्लगइन किंवा रोलँडचंच छोटं डिजिटल यंत्र जेयू-०६ए घ्या. गाण्यात ऐकणाऱ्याला फरक कळणं कठीण आहे. स्लायडरवरच्या हाताला मात्र कळतो.

खरंच घ्यायला गेलात तर विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास मागून घ्या. की ट्रान्सपोज दाबून धरून यंत्र सुरू करा. टेस्ट मोडमध्ये डिस्प्लेवर वाजणाऱ्या आवाजाचा क्रमांक दिसतो. वेगवेगळ्या पट्ट्या एकेक करून दाबा आणि सहाही आवाज ऐका. मग यंत्र बंद-चालू करून नेहमीच्या मोडमध्ये या, मॅन्युअल दाबा, कोरस बंद, सॉ आणि पल्स बंद, सब आणि नॉइज ०, रेझोनन्स १०, फिल्टरचा कीबोर्ड स्लायडर १०, व्हीसीए गेटवर (एन्व्हलपऐवजी). आता फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवेल. सहापैकी एखादी बेसूर असेल तर ट्रिमर हलले आहेत किंवा चिप चालली आहे. ही तपासणी यंत्र सुरू केल्याबरोबर एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा करा, कारण अर्धवट बिघडलेली चिप गरम झाल्यावर वेगळी वागते. सहाही क्लोन बसवलेले असतील तर बिल किंवा बोर्डाचा फोटो मागा, आणि त्यासाठी जास्त किंमत द्यायला कचरू नका.