दहा दिवसांची व्यालेली म्हणून घेतलेली गाय

गेल्या भाद्रपदात नगर जिल्ह्यातल्या एका आठवडे बाजारातून एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) गाय आणली. दुसरं वेत, म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली, व्यायला दहा दिवस झालेत, किंमत 85 हजार. शेजारी वासरू बांधलेलं. दलालाने समोर धार काढून दाखवली, 11 लिटर भरलं. दिवसाला 22 धरून मी कर्जाचा हिशेब बसवला.

घरी सकाळी 6 लिटर निघालं, संध्याकाळी 5 लिटर. बाजारात आणण्याआधी धार चुकवून कास तुंबवली होती, हे नंतर कळलं. दलालाला फोन केला तर म्हणतो, "दादा, जागा बदललीय तिची. ताज्या गाईचं दूध दीड-दोन महिन्यांनी टोकाला जातं. खुराक तोडू नका."

इथेच मी अडकलो, कारण त्याचं हे बोलणं खरं होतं. व्याल्यावर दूध चढत जातं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं, मग महिन्याला आठ-दहा टक्क्यांनी उतरतं आणि दहाव्या महिन्याच्या सुमारास गाय आटवतो, म्हणजे धार काढणं बंद करतो. टोकाच्या एका लिटरमागे अख्ख्या वेताचं साधारण 200 लिटर धरतात. त्या आशेवर कांडी (गोळी पशुखाद्य) आणि सरकी पेंड वाढवली. दूध 11 वरून 10 वर आलं, मग 9 वर.

आईने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. वासरू कासेला लावलं की गाय मान वळवून हुंगायची, फुस्स करायची आणि लाथ झाडायची. एकदाही चाटलं नाही. "ही त्याची आई नाही रे," आई म्हणाली. मी म्हटलं, बाजाराने बुजली असेल. डेअरीच्या पावतीवर फॅट 4.5 लागत होती, तेव्हाही मी खूशच होतो. खरं तर दूध चढतीला असताना फॅट उतरते आणि वेत संपत आलं की वाढते.

सात आठवडे झाले तरी माज (गाय फळायला आल्याची लक्षणं) दिसेना, म्हणून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात घालून तपासलं आणि विचारलं, "कधी व्यालीय म्हणालात? ही पाच महिन्यांची गाभण आहे." कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर मोबाइलवर टाकला, तर विण्याची नोंद आठ महिन्यांपूर्वीची. वासरू दुसऱ्याच गाईचं होतं.

गाय घेणाऱ्यांनो, एका धारेवर सौदा करू नका. बारा-बारा तासांनी सलग तीन धारा स्वतः उभं राहून काढून घ्या आणि पहिली हिशेबात धरू नका. बिल्ल्याची नोंद बघा. पैसे देण्याआधी ओळखीच्या डॉक्टरकडून गाभण तपासणी करा, त्याची फी देताना मागेपुढे पाहू नका. वासरू कासेला सोडून दहा मिनिटं नुसतं बघत राहा. घरात जुनं जाणतं माणूस असेल तर त्याला सोबत न्या. मी आईला नेलं नाही.

दलालाचा फोन बंद आहे, पावती मी घेतलीच नव्हती. दोन महिन्यांत गाय आटवावी लागेल आणि ती विईपर्यंत बँकेचा हप्ता घरातूनच भरायचा आहे. ते वासरू आमच्या दुसऱ्या गाईच्या दुधावर जगवलंय.