रेडिएटर ‘नवा’, पंप ‘नवा’, गळती मात्र जुनीच

गाडीखाली कधी थेंब दिसला नाही, पण कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी दर आठवड्याला बोटभर खाली जायची. मी वरून नळाचं पाणी घालत राहिले. त्या पाण्यातल्या क्षारांचा थर आत बसतो, गंज धरतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. शेवटी एक दिवस तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर चढला आणि घाबरून मी सर्वांत जवळचं गॅरेज गाठलं.

मालकाने बॉनेट उघडून दोन मिनिटं टॉर्च फिरवला आणि गाडीखाली बोट दाखवलं. तिथे खरंच पाणी टपकत होतं. “मॅडम, रेडिएटर गेलाय. अशीच चालवलीत तर इंजिन जाम होईल.”

ते पाणी एसीचं होतं. मी एसी लावूनच आले होते. नुसतं बोट लावलं असतं तरी कळलं असतं, कारण एसीच्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, रंगीत असतं आणि त्याला गोडसर वास येतो. (चाखून बघू नका, ते विषारी असतं. सांडलेलं असेल तर कुत्र्यामांजरांनाही लांब ठेवा.) पण ‘इंजिन जाम’ हे दोन शब्द कानावर पडल्यावर बोट लावायचं सुचतं कुणाला!

संध्याकाळी काळाकुळकुळीत, चकचकीत रेडिएटर दाखवला. जुना कुठाय विचारलं, तर म्हणे भंगारात गेला. मी पैसे देऊन निघाले.

तीन आठवड्यांनी पातळी पुन्हा खाली. या खेपेला दोष वॉटर पंपाचा. पंपाचं सील झिजलं की त्याच्या बारीक भोकातून कूलंट झिरपतं, हे त्याने मला अगदी बरोबर समजावलं. खोटं एवढंच, की माझ्या पंपातून काहीही झिरपत नव्हतं. पुन्हा बिल. शिवाय गाडी देताना टाकीत एक बाटली ओतली, “बारीकसारीक गळती असेल ती यानं बुजेल.”

नाही बुजली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने ऑइलचं झाकण काढून माझ्या नाकासमोर धरलं. आतून पिवळट, सायीसारखा थर. “हेड गॅस्केट उडालंय, ऑइलमध्ये पाणी जातंय. हेड उतरवावं लागेल.” (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचं सील.) हातपाय गार पडले, पण खर्चाचा आकडा ऐकला आणि पहिल्यांदाच भीतीपेक्षा शंका मोठी झाली. विचार करून सांगते म्हणाले आणि गाडी काढली.

दुसरा मेकॅनिक ओळखीतून मिळाला. त्याने आधी विचारलं, “प्रेशर टेस्ट कुणी केली का?” मला तो शब्दच नवा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर त्याने टाकीचं झाकण काढून तिथे मीटर लावलेला हातपंप बसवला आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी, म्हणजे 1.1 बार, हवा भरली. मग आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे. दहा मिनिटांत काटा 0.8 वर, म्हणजे कुठूनतरी गळत होतंच.

गाडी चालते तेव्हा कूलंट दाबाखाली असतं, म्हणूनच 100 अंशांच्या पुढे जाऊनही ते उकळत नाही. बारीक चीर त्या दाबातच उघडते आणि बाहेर आलेला थेंब तापलेल्या इंजिनवरच उडून जातो. म्हणून जमीन कोरडी. त्याने एअर फिल्टरचा डबा बाजूला केला. खाली थर्मोस्टॅटचं (तापमान बघून कूलंट सोडणाऱ्या झडपेचं) प्लॅस्टिकचं हाउसिंग, म्हणजे कवच, त्याला केसाएवढी चीर आणि तिथून उतरलेला वाळका गुलाबी-पांढरा ओघळ. टॉर्च मारून बघणाऱ्याला तो दिसलाच नसता असं नाही.

हेड गॅस्केटसाठी त्याने टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन चालू ठेवलं. जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर ते द्रव पिवळं पडतं. माझं निळंच राहिलं. डिपस्टिकवरचं ऑइलही स्वच्छ. झाकणाखालची साय जवळच्या जवळ गाडी फिरवणाऱ्या कुणाच्याही इंजिनात धरू शकते, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि आतल्या वाफेचं तिथेच पाणी होऊन ते ऑइलमध्ये घुसळलं जातं.

मग तो म्हणाला, “ताई, हे पण बघून घ्या.” रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या बाजूवर साच्यातच उमटलेलं घड्याळासारखं वर्तुळ होतं, कडेला महिने, मध्ये बाण आणि वर्ष. वर्ष होतं 16. माझी गाडी 2016 ची! जाळीवर काळा स्प्रे मारला होता, त्याचे शिंतोडे शेजारच्या होजवरही उडाले होते. आणि पंपाच्या बोल्टांवर धूळ-तेलाची जुनी खपली अखंड होती. त्यांना पानासुद्धा लागला नव्हता.

मी परत गेले भांडायला. तो शांतपणे म्हणाला, “आम्ही घातलेला काढून तुम्हीच जुना बसवला असेल, आम्हाला काय माहीत?” बिलावर पार्ट नंबर नव्हता, ‘कूलिंगचं काम’ एवढंच लिहिलं होतं. मी गप्प झाले. आता गाडी कामाला टाकण्याआधी मी त्या वर्तुळाचे आणि बोल्टांचे फोटो काढते, काढलेला पार्ट डिकीत ठेवायला सांगते आणि बिलावर नंबर लिहून घेते. त्याहीआधी एकच विचारते, गळतंय कुठून ते बोट ठेवून दाखवा. या प्रश्नावर एकाने विषयच बदलला, तिथून मी तशीच निघाले.

नवं हाउसिंग, ओ-रिंग, ताजं कूलंट आणि आत अडकलेली हवा काढणं, सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. आठ महिने झाले, पातळी रेषेवरून हललेली नाही. राहिली ती बाटली. गळती बुजवायचं ते औषध चिरेत बसलं नाही, हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसलं. दोनदा फ्लश केलं, तरी थंडीत सकाळी हीटर लावला की माझ्या बाजूने अजून कोमटच हवा येते.