स्ट्रएलकॅट: काही महिने रोज वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या एका प्रोजेक्टमध्ये आम्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, जोडायला सगळीकडे स्ट्रएलकॅट (strlcat) हे फंक्शन वापरतोय. छोटा लिनक्स बोर्ड, सी भाषा. स्टेशनाचं नाव, वेळ आणि सूचना जोडून एलईडी पाटीवर पाठवायची. हातात आलेल्या जुन्या कोडमध्ये स्ट्रकॅट आणि स्ट्रएनकॅट या त्याच कामाच्या जुन्या फंक्शन्सची खिचडी होती.

स्ट्रकॅटला बफर, म्हणजे मजकूर ठेवायची ठरावीक जागा, केवढा हे माहीतच नसतं, तो विषय तिथेच संपला. खरा घात स्ट्रएनकॅट करतं, कारण ते सुरक्षित वाटतं. त्याचा तिसरा आकडा बफरचा आकार नव्हे. नव्याने किती बाइट जोडायचे त्याची ती मर्यादा, आणि स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट त्याच्याही वर. म्हणजे द्यायला हवं साइझऑफ (बफरचा आकार) वजा स्ट्रलेन (आधीच्या मजकुराची लांबी) वजा एक. लोक नुसतं साइझऑफ देऊन मोकळे होतात. जीसीसी (कंपायलर) वॉर्निंग देतं, पण बफरचा आकार त्याला कळत असेल तरच.

स्ट्रएलकॅटला बफरचा पूर्ण आकार द्यायचा, बस. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते १९९८ साली आलं. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीत मात्र थेट २०२३ मध्ये, २.३८ आवृत्तीत. जुन्या टूलचेनवर (कंपायलर, लायब्ररी वगैरेंच्या संचावर) ते सापडत नाही, आम्ही सोर्स फाइलच प्रोजेक्टमध्ये घेतली. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते परत देतं तो आकडा: पूर्ण स्ट्रिंग मावली असती तर तिची लांबी किती झाली असती. तो बफरच्या आकाराएवढा किंवा जास्त आला, की शेपूट कापलं गेलं. हा आकडा न तपासता स्ट्रएलकॅट वापरणं मला मान्यच नाही. मेमरी बिघडत नाही, पण पाटीवर चुकीची माहिती जाते.

मराठीत हे फार लवकर जाणवतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मात्रासुद्धा. ‘घाटकोपर’ म्हणजे २१ बाइट. २० च्या रिकाम्या बफरमध्ये १९ मावतात: ‘घाटकोप’ आणि पुढे ‘र’चा एकच तुटका बाइट, पाटीवर चौकोन. मागे सरकून तुटका बाइट काढता येतो, पण तेवढ्याने भागत नाही. ‘ठाणे’चे १२ बाइट, जागा १० ची असेल तर सगळं नीट कापूनही ‘ठाण’ उरतं. प्रवाशाला असं नाव दाखवण्यापेक्षा ती ओळच पाठवू नये, असं आम्ही ठरवलं.

एक तक्रार आहे. प्रत्येक वेळी स्ट्रएलकॅट बफरच्या सुरुवातीपासून शेवट शोधत जातं. दोन-चार तुकड्यांना फरक पडत नाही, पण लूपमध्ये लांबलचक लॉग जोडताना बोर्डाचा दम निघतो. तिथे आम्ही लांबी स्वतःच सांभाळतो आणि एसएनप्रिंटएफ या फंक्शनने पुढच्या जागेवर लिहितो. तेही लिहिलेली नव्हे, हवी असलेली लांबी परत देतं. ती न तपासता बेरीज करत गेलं, की आकारातून लांबी वजा करताना साइझ-टी (ऋण होऊ न शकणारा आकड्याचा प्रकार) उलटा फिरून प्रचंड आकडा होतो. म्हणून बेरजेआधी तपासणी, दर वेळी.