कोरडी मीड सुधारायची कशी: दुसरी मीड मिसळून की मध घालून?

मीड म्हणजे मध आंबवून केलेले मद्य, आणि कोरडी म्हणजे गोडी न उरलेली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य करणे गुन्हा आहे. त्यामुळे हा हिशोब अमेरिकेसारख्या देशांत राहणाऱ्यांसाठी. तिथल्या संघीय कायद्यानुसार घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, एकापेक्षा जास्त असतील तर 200 गॅलन मीड स्वतःसाठी करता येते.

मीड आंबून, निवळून तयार आहे, घनता मोजणारा हायड्रोमीटर 0.998 दाखवतो (पाणी 1.000) आणि चव रुक्ष लागते. नुसती गोडी कमी असेल तर मध घालणे सोपे आणि स्वस्त. 4.5 लिटरमध्ये 100 ग्रॅम मधाने घनता साधारण 0.006 ते 0.007 वाढते, म्हणजे मध्यम गोडीसाठी 1.012 गाठायला 210-220 ग्रॅम पुरतो. मात्र मधाबरोबर येते ती गोडी आणि ताज्या मधाचा वास, बाकी काही नाही. कच्च्या मधातल्या प्रथिनांमुळे निवळलेली मीड पुन्हा गढूळ होते, ती बसायला काही आठवडे थांबावे लागते.

चव पोकळ असेल, आंबटपणा किंवा तुरटपणाच नसेल, तर मध घालून ती फक्त गोड आणि पोकळ होते. तिथे दुसऱ्या मीडचे मिश्रणच हवे. रासबेरीची आंबट मीड साध्या गोड मीडला उठाव देते. ओकच्या लाकडावर मुरवलेली तुरट मीड 10 टक्क्यांपासून सुरू करा. 20 च्या पुढे बहुधा लाकूडच लागते.

प्रमाण काढायला वजाबाकी पुरते. कोरडी 0.998, गोड 1.040, हवी 1.012. कोरडीचे भाग 1.040 वजा 1.012, म्हणजे 28, गोड मीडचे 1.012 वजा 0.998, म्हणजे 14. दोनास एक. 4.5 लिटरसाठी 3 लिटर कोरडी, दीड लिटर गोड. पण हे गणित फक्त गोडीचे आहे, चवीचे नाही. म्हणून आधी 100 मिलीचे नमुने करा, गोड मीडचे प्रमाण 25, 33, 40 टक्के ठेवून, आणि झाकून दुसऱ्या दिवशी एकाच तापमानाला चाखा. ताज्या मिश्रणाची चव फसवते.

सगळ्यात जास्त बाटल्या फुटतात त्या एका गैरसमजाने: गोड मीड स्वतःहून थांबली, म्हणजे ती स्थिर आहे. ती थांबली कारण यीस्टची मद्यसहनशक्ती संपली, 71बी नावाचे वाइन यीस्ट असेल तर सुमारे 14 टक्के मद्यावर. त्यात 12 टक्क्यांची कोरडी मीड दोनास एक घातली की मद्य 12.7 वर येते, साखर शिल्लकच असते, आणि यीस्ट पुन्हा कामाला लागते. मध घातला तरी धोका तोच. म्हणून दोन्ही मार्गांत मीड आधी गाळावरून काढून घ्या, 4.5 लिटरला 0.4 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि 1 ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट घाला, एक दिवस थांबा, मगच मिसळा किंवा मध घाला. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, त्यामुळे गढूळ मीडवर ते फुकट जाते. सल्फाइटशिवाय एकटे वापरले आणि त्यात लॅक्टिक जिवाणू असले, तर जिरेनियमच्या पानांसारखा वास येतो आणि तो जात नाही.

मिसळताना ओतू नका, सायफनची नळी तळाशी ठेवून भरा, नाहीतर हवा मिसळून मीड शिळी लागते. आणि व्हिनेगरचा वास येणारी मीड कशातच मिसळू नका: चांगली तीन लिटरही तिच्यासोबत जाते.