डीव्हीडी करून देतो म्हणून एकाच कामाचे तीन वेळा पैसे घेतले

परवा ऑफिसातल्या एका ताईंनी विचारलं, नातवाच्या मुंजीचं शूटिंग सासऱ्यांच्या डीव्हीडी प्लेअरवर लागेल असं करून घ्यायचंय, दुकानदार एका डिस्कचे 350 मागतोय, देऊ का. मी म्हटलं थांबा, आधी माझं ऐका. 2013 साली माझ्या बाबतीत जे झालं ते मी घरच्यांशिवाय कुणाला नीट सांगितलं नव्हतं, पण ताईंना तो दुकानदार जे बोलला ते अगदी तेच शब्द होते, म्हणून आज बसून सगळं लिहितेय. आता तर लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच येत नाही, त्यामुळे बऱ्याच लोकांना दुकानात जाण्याशिवाय इलाज नाही आणि दुकानदारालाही ते माहितीय.

तर आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. 81 दिव्यांनी ओवाळलं, गुळाची तुला केली, आणि संध्याकाळी पाहुणे जरा कमी झाल्यावर तिनं आपणहून जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, कुणी आग्रह पण केला नव्हता. हे सगळं मी भावाच्या हँडीकॅमवर घेतलं, 2 तास 10 मिनिटांचं, जवळपास 16 जीबी. कॉम्प्युटरवर सुरेख दिसत होतं, पण गावाकडं तेव्हा कॉम्प्युटर कुणाकडं होता? सगळ्यांकडं टीव्ही आणि टीव्हीच्या खाली डीव्हीडी प्लेअर. आत्या, चुलते, मावश्या धरून 25 घरं होत होती आणि प्रत्येकाला ती डिस्क पाहिजे होती.

पुण्यात घराजवळच एक फोटो-व्हिडिओचं दुकान होतं, नाव लिहीत नाही. तो म्हणाला मॅडम कन्व्हर्जन, बर्निंग, वर आजींचा फोटो असलेलं स्टिकर, सगळं मिळून 120 ला एक. 25 चे 3000. मी हार्डडिस्क दिली, पैसे पूर्ण आगाऊ दिले, बिल मागितलं तर म्हणाला बिल पाहिजे तर टॅक्स वेगळा लागेल, आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर "25 डीव्हीडी, 3000 जमा" एवढंच लिहून दिलं. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. ती चिठ्ठी मी घेतली तिथंच माझी बाजू लंगडी झाली, ते नंतर कळलं.

दोन दिवसांनी डिस्क मिळाल्या. त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक लावून दाखवली, आजी दिसली, आवाज आला, मी खूश. दिवाळीत सगळ्यांना वाटल्या. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले, आत्या म्हणते अगं लागंना की, नो डिस्क म्हणतंय, काका म्हणतात नुसतंच गरगर फिरतंय. 25 पैकी एकाही घरात लागली नाही.

पहिली फसवणूक काय होती ते आता सांगते, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. त्यानं कन्व्हर्ट काही केलंच नव्हतं. व्हिडिओ लहान करून एक एमपी-फोर फाइल बनवली आणि ती डिस्कवर नुसती कॉपी केली, म्हणजे पेनड्राइव्हवर टाकतो तशी. अशी डिस्क कॉम्प्युटरवर चालते पण साध्या डीव्हीडी प्लेअरला त्यातलं काही कळत नाही. प्लेअरला एमपेग-टू नावाच्या पद्धतीतला व्हिडिओ लागतो, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत 720 बाय 576 चा, सेकंदाला 25 फ्रेम, आणि तो ठरावीक फोल्डरमध्ये लागतो. डिस्क कॉम्प्युटरला लावून उघडली की आत व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर दिसला पाहिजे आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशी शेपटं असलेल्या फाइली. ते नसेल आणि नुसती एमपी-फोर, एव्हीआय फाइल दिसली तर ती डीव्हीडी नाही, तिला डेटा डिस्क म्हणतात. हे बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं. (काही प्लेअर डिव्हएक्सवाले असतात, ते काही एव्हीआय चालवतात, पण आमच्या घरांमधला एकही तसा नव्हता.)

मी दुकानात गेले तर तो माझ्यावरच उलटला. मॅडम डिस्क बरोबर आहेत, तुम्ही बघितल्यात ना चालताना, तुमचे प्लेअर जुने आहेत, त्यांना रीजन कोड असतो तो अनलॉक करायला लागेल, एक प्लेअर घेऊन या. मी खरंच पुढच्या रविवारी गावाहून एसटीनं दादांचा प्लेअर मांडीवर घेऊन आले. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला, 400 रुपये घेतले, आणि माझ्यासमोर त्यात एक सिनेमाची डिस्क लावून दाखवली, बघा झाला अनलॉक. मी म्हटलं आमची लावा, तर म्हणाला आता गिऱ्हाईक आहे, घरी लावा, चालेल. घरी चालली नाही.

या रीजन कोडबद्दल नीट सांगते कारण ताईंनाही त्यांच्या दुकानदारानं हेच सांगितलंय. रीजन कोड खरा असतो, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा नंबर, भारत रीजन 5 मध्ये येतो, आणि बाहेरून आणलेली सिनेमाची विकत घेतलेली डिस्क त्यामुळे अडू शकते. पण आपल्या घरच्या शूटिंगच्या डिस्कवर कुणी मुद्दाम रीजन टाकत नाही, ती सगळीकडं चालते. घरच्या डिस्कसाठी रीजन अनलॉकचे पैसे मागणारा माणूस खोटं बोलतोय, तिथून उठायचं. आणि सिनेमाची डिस्क तर आमच्या प्लेअरवर आधीपासूनच चालत होती, त्यात त्यानं काय केलं दोन दिवस, देव जाणे.

तिसऱ्यांदा मी भावाला घेऊन गेले तेव्हा दुकानदाराचा सूर बदलला, म्हणाला ठीक आहे पुन्हा करून देतो पण डिस्कचा खर्च माझ्या अंगावर पडतो, 30 रुपये प्रमाणे 750 द्या. तेव्हा कोऱ्या डिस्क 50 च्या डब्यात 12-15 रुपयांना पडायच्या. दिले. कारण 25 घरांतून फोन येत होते आणि दादा रोज विचारत होते.

या वेळी डिस्क लागल्या. पण व्हिडिओच्या मधोमध एका सॉफ्टवेअरचं नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत, फुकटच्या ट्रायलमध्ये येतं तसं. ओवाळताना ते नाव बरोबर आजीच्या कपाळावर. माणसं सगळी लांबट, बारीक, कारण रुंद चित्र चौकोनी टीव्हीसारखं दाबून बसवलेलं. आणि ओव्या म्हणताना तिचा चेहरा नुसते चौकोन चौकोन, सुरकुत्या नाहीत, डोळे नाहीत. मला त्याच्या पैशांपेक्षा हे जास्त लागलं, अजून लागतं.

भावाचा एक मित्र लग्नाची शूटिंग एडिट करायचा, त्याला ती डिस्क दाखवली. त्यानं कॉम्प्युटरला लावलीच नाही आधी, उलटी करून ट्यूबलाइटखाली धरली. कोऱ्या डिस्कची मागची बाजू जांभळट असते आणि जिथपर्यंत राईट झालंय तिथपर्यंतचा रंग जरा वेगळा दिसतो. आमच्या डिस्कवर मधल्या भोकाजवळ फक्त एक बारीक पट्टा होता. तो म्हणाला दोन तासाचं आहे ना, मग ही जवळपास कडेपर्यंत भरायला पाहिजे. लावून बघितलं तर सगळं मिळून 690 एमबी. म्हणजे सेकंदाला पाऊण मेगाबिट पण नाही (याला बिटरेट म्हणतात, तो फार कमी झाला की चित्राचे चौकोन होतात), डीव्हीडीच्या आधीच्या जुन्या व्हीसीडीतसुद्धा व्हिडिओला सेकंदाला 1150 किलोबिट, म्हणजे सव्वा मेगाबिटच्या आत-बाहेर असायचे. साध्या डीव्हीडीवर 4.7 जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ते 4.37 दाखवतो, आणि आमच्या 2 तास 10 मिनिटांना त्यात सेकंदाला साडेचार मेगाबिटच्या आसपास आरामात बसले असते.

असं का केलं असेल तर वेळ वाचवायला. नीट कन्व्हर्ट करायला तेव्हाच्या कॉम्प्युटरला चार-पाच तास लागायचे आणि भरलेली एक डिस्क 8एक्स स्पीडनं राईट करायला आठ-दहा मिनिटं, 25 म्हटलं की चार तास कॉम्प्युटर अडकला. 690 एमबी म्हटलं की दीड-दोन मिनिटांत एक डिस्क बाहेर. पैसे मात्र पूर्ण डिस्कचे.

ग्राहक मंचात जायचं ठरवलं होतं पण हातात काय होतं, ती कोरी चिठ्ठी. दुकानदार म्हणाला हे माझं अक्षरच नाही. 4150 रुपये गेले, त्यातला एक रुपया परत मिळाला नाही. आज असं झालं तर निदान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, पण तिथंही पहिल्यांदा बिलच विचारतील, म्हणून टॅक्स द्या पण बिल घ्या, आणि मोबाइलवरून पैसे दिले तर त्याची नोंद तरी राहते.

एक गोष्ट माझी नशिबानं वाचली. हँडीकॅमचं कार्ड मी पुसलं नव्हतं. मूळ फाइली होत्या म्हणून पुढचं झालं. त्या मित्रानं डीव्हीडीस्टायलर नावाचं सॉफ्टवेअर दाखवलं, खरंच फुकट आहे, वर नावबिव येत नाही. त्यात पाल निवडायचं, शूटिंग रुंद असेल तर 16:9, डिस्क 4.7, बिटरेट त्यालाच ठरवू द्यायचा. रात्री लावून झोपले, सकाळी तयार होतं. पहिली एकच डिस्क 4एक्सनं राईट केली, ती शेजारच्या काकूंच्या प्लेअरवर सुरुवात, मध्य, शेवट अशी तीन ठिकाणी बघितली आणि मगच बाकीच्या केल्या. वर कागदी स्टिकर लावलं नाही, स्टिकरनं डिस्क एका बाजूला जड होते आणि आत सुटलं तर प्लेअर जातो, मार्करनं नाव लिहिलं. आजीनं ती दादांच्या त्याच प्लेअरवर बघितली, स्वतःच्या ओव्या ऐकताना एक ओळ चुकली होती ती तिनं टीव्हीकडं बघत दुरुस्त करून म्हटली.

ताई काल त्या दुकानात पुन्हा गेल्या होत्या. मी सांगितल्याप्रमाणे म्हणाल्या की आधी एक डिस्क करा, इथंच प्लेअर आणि टीव्हीवर लावून दाखवा, मग पैसे देते. तो म्हणाला आमच्याकडं प्लेअर नाही, कॉम्प्युटरवर दाखवतो. त्या हार्डडिस्क घेऊन परत आल्या. माझ्याकडं यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर आहे, रविवारी त्या घरी येणार आहेत.