मॅलाकीट कॅम्पग्राउंड, पाद्रे आयलंड (टेक्सस): आरक्षणाशिवाय, आरव्हीतून, आईला घेऊन

आईला नोव्हेंबरात गुहागरहून कॅन्सस सिटीला आणलं. डिसेंबरभर ती खिडकीशी बसून बर्फ बघायची. जानेवारीत तिनं खिडकीही सोडली. 13 जानेवारी 2024 ला इथल्या स्टेडियममध्ये चीफ्स या फुटबॉल संघाचा सामना उणे वीस अंश सेल्सिअसमध्ये झाला, त्या आठवड्यात ती शाल पांघरून हीटरच्या जाळीपाशी बसून असायची. एका संध्याकाळी म्हणाली, "अरे, दार उघडलं की बाहेर बसता येईल, असं या देशात काही आहे का रे?"

आरव्ही, म्हणजे आत पलंग आणि चूल असलेली गाडी, घेऊन समुद्रकाठी राहता येईल अशी जागा मी त्याच रात्री शोधायला बसलो. फ्लोरिडाच्या स्टेट पार्कांचं बुकिंग तिथल्या रहिवाशांना 11 महिने आणि बाहेरच्यांना 10 महिने आधी उघडतं. टेक्ससच्या स्टेट पार्कांचं पाच महिने आधी. म्हणजे फेब्रुवारीतल्या समुद्रकाठच्या जागा लोकांनी सप्टेंबरातच धरून ठेवलेल्या. टेक्ससच्याच किनाऱ्यावरच्या पोर्ट अरान्सासच्या खाजगी आरव्ही पार्कांमध्ये उत्तरेकडचे निवृत्त लोक महिन्याच्या भाड्यानं येऊन राहतात. त्यांना तिकडे 'विंटर टेक्सन' म्हणतात, आणि दरवर्षी तीच माणसं त्याच जागेवर येतात. मी पाच ठिकाणी फोन केले. पाचही जणांनी प्रेमानं नाही म्हटलं.

मग लक्षात आलं की मी चुकीच्या दारावर थाप मारतोय. जिथे बुकिंग चालतं तिथे बुकिंग न करता जाण्यात हशील नाही. जिथे बुकिंग घेतच नाहीत अशी जागा शोधायची. तिथे सहा महिने आधी ठरवणारा आणि काल रात्री ठरवणारा, दोघे एकाच रांगेत असतात. पाद्रे आयलंड नॅशनल सीशोअर या टेक्ससमधल्या राखीव किनाऱ्यावरचं मॅलाकीट हे तसं कॅम्पग्राउंड आहे. 48 जागा, वर्षभर उघडं, जो आधी पोचेल त्याची जागा, मुक्काम जास्तीत जास्त चौदा दिवस. आम्ही रात्रीचे 14 डॉलर दिले, शिवाय गाडीच्या प्रवेशाचे सात दिवसांसाठी 25. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना वयाची सवलत मिळत नाही, ज्येष्ठांचा पास अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांनाच मिळतो. मी आधी तो हिशेबात धरला होता.

आरव्ही भाड्याची, 25 फुटी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. कॅन्सस सिटीहून इंटरस्टेट 35 धरला की सॅन अँटोनियोपर्यंत रस्ता बदलायचा नाही, मग 37 नं थेट कॉर्पस क्रिस्टी. कारनं हे दोन दिवसांचं काम, आरव्हीला तीन द्या. ओक्लाहोमाच्या माळावर आडवा वारा लागला की उंच गाडी शेजारच्या लेनकडे सरकते. स्टिअरिंग घट्ट धरून मी ताशी 60 मैलांच्या वर गेलोच नाही. गॅलनला नऊ मैल पडले. येऊन-जाऊन पेट्रोलला साडेसहाशे डॉलरच्या आसपास गेले, ते आधीच बाजूला ठेवा.

वाटेतले मुक्कामही ठरवलेले नव्हते. पहिली रात्र ओक्लाहोमा सिटीजवळ एका खाजगी पार्कात. दुपारी तीनला फोन केला, हिवाळ्यात अर्धं रिकामंच होतं. दुसरी रात्र टेक्ससमधल्या सलाडोजवळच्या सरकारी रेस्ट एरियात. टेक्ससमध्ये अशा ठिकाणी चोवीस तासांपर्यंत थांबू देतात. ट्रकांच्या घरघरीत झोप जरा तुटक लागली, पण दिवे होते, स्वच्छ संडास होते आणि आईला सुरक्षित वाटलं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारीच मॅलाकीटला धडकायचा मोह झाला होता. बायकोनं अडवलं ते बरं केलं. शनिवारी कॉर्पसची सगळी मंडळी बेटावर असते. आम्ही तासभर अलीकडे, मॅथिसजवळच्या लेक कॉर्पस क्रिस्टी स्टेट पार्कात राहिलो. तळ्याकाठी एक जागा त्या दिवशीसाठी रिकामी मिळाली, आणि रविवारी सकाळी नऊला निघालो.

बेटावर शिरून पार्क रोड 22 नं दक्षिणेला जात राहायचं. घरं संपतात, विजेचे खांब विरळ होतात, आणि दोन्ही बाजूंना नुसतं गवत उरतं. कॅम्पग्राउंडची पद्धत साधी आहे. आत एक फेरी मारायची, रिकामी जागा दिसली की गाडी लावायची आणि मग फॉर्म भरून पैसे द्यायचे. आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. पहिल्या फेरीत एकही जागा नाही. आईचा चेहरा पडला. दुसऱ्या फेरीत मिनेसोटाची नंबर प्लेट असलेला एक ट्रेलर निघायच्या तयारीत दिसला. त्या गृहस्थांनी खिडकीतून हात करून "पाच मिनिटं" असं सांगितलं. ती पाच मिनिटं मी इंजिन चालू ठेवून उभा होतो.

आता जागेचं खरं वर्णन. ही डांबरी पट्ट्यावर आखलेली ओळ आहे, शेजारची गाडी हाताच्या अंतरावर. झाडं नाहीत. वीज नाही, पाण्याची जोडणी नाही, गटाराची नाही. संडास आहेत, शॉवर गार पाण्याचे. पिण्याचं पाणी भरायची आणि सांडपाणी सोडायची सोय कॅम्पग्राउंडजवळ आहे. पार्कात किराणा नाही, पेट्रोल नाही, ते कॉर्पसच्या एचईबी सुपरमार्केटात आणि पंपावर उरकून यायचं. आणि या सगळ्याच्या बदल्यात गाडीच्या दारातून उतरून वाळूची टेकडी ओलांडली की समोर मेक्सिकोचं आखात. इथल्या पुळणीच्या या भागात गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे पहाटे फक्त पाण्याचा आवाज असतो. बेटाचा हा सुमारे 70 मैलांचा पट्टा, किनाऱ्यालगतच्या अशा न बांधलेल्या बेटांच्या पट्ट्यांमध्ये जगात सगळ्यात लांब. हे सगळं चौदा डॉलरांत. मी या जागेला पाचात पाच गुण देतोय ते याचसाठी.

आई टेकडीवरून उतरली आणि वाळूत वाकून बघायला लागली. मला वाटलं काही पडलं. तिनं एक पान उचलून दाखवलं, मध्ये दुभंगलेलं, आपट्यासारखं, जाड. "अरे, ही मर्यादवेल आहे!" खरंच तीच. आमच्या घरामागच्या पुळणीवर भरतीच्या रेषेपाशी जी पसरते तीच वेल, तेच शास्त्रीय नाव. तिच्यापलीकडे समुद्र येत नाही अशी समजूत, म्हणून मर्यादवेल. आई ते पान धरून बराच वेळ उभी होती. मग तिनं विचारलं, "ओहोटी कधी लागते इथे?" दिवसभर तिनं पाण्यावर नजर ठेवली. आखातात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूट-दीड फुटाचा. गुहागरला पाणी पुरुषभर चढतं-उतरतं, तिला हे काही केल्या पटेना. तिसऱ्या दिवशी तिनं वाळूत काठी रोवून खात्री करून घेतली.

व्हिजिटर सेंटरमधलं कासवांचं माहितीदालन तिनं दोनदा बघितलं. इथे केम्प्स रिडली कासवं एप्रिल ते जुलैमध्ये अंडी घालतात. ही जात नामशेष होत आली होती. 1978 पासून दहा वर्षं मेक्सिकोतल्या रांचो नुएवोहून अंडी आणून इथल्या वाळूत त्यांचं दुसरं घर वसवायचा प्रयत्न दोन देशांनी मिळून केला. गुहागर-वेळासला येणारं ऑलिव्ह रिडली हे त्याचंच भावंड. आईनं रेंजर बाईंना माझ्यामार्फत सांगितलं की आमच्याकडे अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायला जाळीच्या कुंपणात ठेवतात. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, इथे कोयोटी.

आता तक्रार, आणि ती गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीबद्दल आहे. कॅम्पग्राउंडचा त्यात काही दोष नाही. तिसऱ्या रात्री उत्तरेचा वारा सुटला. टेक्ससच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात हे होतं, तासाभरात अंगातलं स्वेटर कमी पडायला लागतं. हीटर प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. पहाटे तीनला पंखा मंदावला, मग थांबला. दोन्ही बॅटऱ्या जुन्या, चार्ज धरत नव्हत्या. गाडी देताना मीटरवर भरल्या दिसत होत्या, कारण तेव्हा गाडी विजेला जोडलेली होती. जनरेटर रात्रीच्या शांततेच्या वेळेत लावायची परवानगी नाही आणि लावूही नये, शेजारी माणसं झोपलेली असतात. आईला दोन रजया आणि माझं जाकीट घातलं. बायको आणि मी सकाळ होईपर्यंत जागेच होतो. बहात्तर वर्षांच्या माणसाला घेऊन ही वेळ यायला नको होती, याचा मला अजूनही राग येतो. कंपनीनं एका रात्रीचं भाडं परत केलं.

म्हणून आरक्षणाशिवाय जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं. गाडी घेताना विजेची वायर काढायला लावा, दिवे आणि हीटर अर्धा तास चालवा, मग मीटर बघा. थंड प्रदेशातून गाडी घेत असाल तर पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ असतं. गोठणाऱ्या हवेतून बाहेर पडेपर्यंत ते काढू नका आणि तोवर बाटलीबंद पाण्यावर भागवा. आम्ही मॅथिसला पाइप धुतले. जोडणी नसलेल्या जागी तीन माणसांना 35 गॅलनची टाकी तीन दिवस पुरली, तेही भांडी आधी कागदानं पुसून धुतली म्हणून.

मॅलाकीट भरलेलं निघालं तर हाताशी काय आहे तेही सांगतो. त्याच पार्कात खाडीच्या बाजूला बर्ड आयलंड बेसिन आहे, तिथेही आरक्षण नाही. ती खाडी म्हणजे लगूना माद्रे, समुद्रापेक्षा खारट. हिवाळ्यात तिथे बदकांचे थवे उतरतात, पण समुद्राचा आवाज नाही. साउथ बीचवर वाळूतच गाडी लावून राहता येतं, मात्र भाड्याच्या आरव्हीचा करार बहुधा वाळूत जायला मनाई करतो. आमचा करत होता. ज्यांना रोज गरम पाण्यानं अंघोळ हवी, किंवा ज्यांचं रात्री श्वासाचं मशीन विजेवर चालतं, त्यांनी इथे न येता जोडणीवाली जागा आधी बुक करावी.

चौथ्या दिवशी पलीकडच्या गाडीतल्या आयोवाच्या आजोबांनी आईला दोन व्हायटिंग दिले, सकाळी गळाला लागलेले. आईनं ते दारातल्या पायरीवर बसून साफ केले, रवा लावून तव्यावर टाकले. कॅन्सस सिटीत मासे तळताना आपण खिडक्या लावून घेतो. इथे तिनं दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. आजोबा वास घेत आले आणि प्लास्टिकच्या ताटलीत एक तुकडी घेऊन उभ्या उभ्या खाल्ली. आईला त्यांचं इंग्रजी कळलं नाही, त्यांना तिचं मराठी. त्यांनी दुसरी तुकडी मागितली तेवढं कळलं.

शुक्रवारी सकाळी दहाला आम्ही निघायला लागलो, तेव्हा मागे एक छोटी व्हॅन हळूहळू फेरी मारत होती. आत दोन तरुण पोरं, पुढच्या काचेतून माझ्याकडे आशेनं बघत. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पाच बोटं दाखवली.